कडप्प्याच्या कट्ट्यातलं जुनं सिंक

शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावचा जुना भाग. इथल्या लांबट, अरुंद घरांत अजूनही काळ्या कडप्प्याचा कट्टा दिसतो, जमिनीला शहाबादी फरशी असते आणि कट्ट्याच्या एका टोकाला स्टीलचं सिंक असतं. आता ही घरं एकेक करून नवी व्हायला लागली आहेत. ग्रॅनाइट येतो, ट्रॉल्या येतात, आणि कट्टा फोडला की जुनं सिंक वजनावर भंगारात जातं. मला ते बघवत नाही. जुनं आहे म्हणून जपा, असं मी कुणाला म्हणणार नाही. पण ज्या दोषापायी ते टाकलं जातं, तो दोष बहुतेक वेळा त्या सिंकचा नसतोच. सिंकची कड आणि दगड यांच्या मधल्या फटीत तो असतो, आणि तिथे कुणी वाकून बघत नाही.

आमचं सिंक सासूबाईंनी घेतलेलं आहे. त्यांचं अर्धं आयुष्य मोरीत गेलं. चूल जमिनीवर, मोरी जमिनीवर, आणि घरात माणसं इतकी की एका पंगतीची भांडी सुकायच्या आत दुसरी पंगत उठायची. उकिडवं बसून राखेनं भांडी घासायची. पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसायचा नाही, फरशी ओलीच, आणि त्या ओलीत पाय आखडलेले. पुढं गॅस आला, कट्टा बांधायचं ठरलं, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. "मला उभ्यानं भांडी घासायची आहेत." घरात पैशाची ओढाताण होती, तरी शहापूरच्या खडेबाजारातून हे सिंक आलं. २४ बाय १८ इंचांचं, आठ इंच खोल, जाड पत्र्याचं. दुकानातल्या स्वस्तातल्या नव्या सिंकचा तळ अंगठ्यानं दाबला तर आत जातो. आमचं तसूभरही हलत नाही. त्यात पितळी हंडे आपटले, कुकर आदळले, दिवाळीच्या कढया पडल्या. ओरखड्यांनी त्याची चकाकी गेली आहे, पण गंजाचा एक ठिपका नाही.

याचं कारण त्या धातूतच आहे. चांगल्या भांड्यांचं स्टेनलेस स्टील म्हणजे ३०४ नंबरचं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियमचा हवेशी संबंध आला की पत्र्यावर एक अतिशय पातळ थर धरतो, आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा धरतो. हा थर मोडून काढणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, आणि त्यातली सगळ्यात वाईट आपणच घरात आणतो. टाइल्स बसवून झाल्या की त्या धुवायला मिस्त्री जे ॲसिड वापरतात, ते सिंकमध्ये ओतलं तर पत्र्याला बारीक भोकं पडू शकतात. लोखंडी तारेच्या घासणीचे कण पत्र्यात रुततात आणि गंजतात, मग लोक म्हणतात, स्टील गंजलं. नारळाच्या काथ्यानं पिढ्यान्‌पिढ्या भांडी घासली गेली, तो काथ्याच बरा.

आमच्या या सिंकची गळती आधी ओळखली ती भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी. त्या खासबागेतून येतात. तरुणपणी हातमागाच्या कांड्या भरायचं काम करत होत्या, आणि त्या कामात सुटलेला एक धागा नजरेतून निसटून चालत नाही. कट्ट्याखालच्या फळीवर आम्ही तांदळाचा डबा ठेवतो. डब्याची बैठक ओली लागली, तेव्हा प्लंबरला बोलावलं. त्यानं बॅटरी मारून पाहिलं आणि सगळा वेस्ट पाइप, कपलिंग, ट्रॅप (पाइपाचं पाणी अडवणारं वळण), सगळंच बदला म्हणाला. मावशी शेजारी उभ्या होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "वहिनी, भांडी विसळताना गळत नाही बघा. कट्टा पुसताना गळायलंय."

एवढ्या एका वाक्यात सगळं निदान होतं. पाणी सिंकमध्ये असताना गळत असेल, तर दोष जाळीच्या कपलिंगचा किंवा खालच्या पाइपाचा. कट्ट्यावर पाणी आलं की गळत असेल, तर दोष कडेच्या सांध्याचा. त्या जागी रोज दोन वेळा उभं राहणाऱ्या बाईला जे ठाऊक असतं, ते बॅटरीच्या उजेडात पाच मिनिटांत दिसत नाही. आमच्याकडच्या घरांच्या कामात मला हीच गोष्ट सगळ्यात खुपते. स्वयंपाकघर कसं असावं यावर गवंडी बोलतो, दुकानदार बोलतो, घरातले पुरुष बोलतात. भांडी घासणाऱ्या बाईला मात्र कुणी विचारत नाही.

तरी खात्री करून घ्यायला हवी होती. खालची फळी कोरडी पुसली आणि तिच्यावर 'तरुण भारत'चे जुने अंक पसरले. वर्तमानपत्राच्या कागदावर पाण्याचा एक थेंब पडला तरी लगेच काळसर डाग उठतो, आणि थेंब नेमका कुठून आला ते त्या डागावरून कळतं. आधी कडेला पाणी न लागू देता सिंक काठोकाठ भरलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, मग सोडलं. कागद कोरडे. मग तांब्याभर पाणी सिंकच्या मागच्या कडेनं कट्ट्यावर सोडलं. नळाच्या खालच्या कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला, टपटप डाग उठले. पाइप निर्दोष होता.

ग्रॅनाइटच्या दुकानात चौकशी केली, तर त्यांनी कट्टाच बदलायला सांगितलं, आणि नवं सिंक दगडाच्या खालून चिकटवू म्हणाले. वरून कड दिसत नाही, कट्टा पुसताना कचरा सरळ सिंकमध्ये ढकलता येतो, हे खरं आहे, आणि दिसायलाही ते छान दिसतं. पण माझ्या नणंदेच्या घरी, निपाणीला, तसं सिंक नुसत्या चिकट्यावर टांगलं होतं. खाली आधार नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी भांड्यांनी भरलेलं सिंक एका बाजूनं सुटून खाली कपाटात उतरलं. पाण्यानं काठोकाठ भरलेल्या आमच्या सिंकमध्ये पन्नास लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे पन्नास किलो. वर भांडी वेगळी. एवढं ओझं दगडाच्या पोटाशी फक्त गोंदावर लटकवायचं असेल, तर खाली लोखंडाची किंवा स्टीलची चौकट हवीच. आमचं सिंक वरून बसणारं, त्याची कड दगडावर टेकते. हे ओझं दगड पेलतो. मी ठरवलं की कट्टाही तोच, सिंकही तेच. फक्त ते उचलायचं आणि नीट बसवायचं.

गवंडी अण्णा हिंडलग्याकडचे. घरी कन्नड, कामावर मराठी, आणि रागावले की दोन्ही. त्यांचा पहिला सल्ला होता, "अक्का, पांढरं सिमेंट भरतो की. दुपारपर्यंत काम खलास."

पांढरं सिमेंट आमच्या सिंकभोवती आधीही भरलेलं होतं, आणि त्याआधीही. दोन-तीन पावसाळे गेले की त्याला केसासारखी चीर जायची. चीर का जाते, यात गवंड्याच्या हाताचा काही दोष नाही. स्टील तापलं की वाढतं. बटाटे उकडलेलं पाणी, शेवया गाळलेलं पाणी, कढत कढत सिंकमध्ये जातं. ६० सेंटिमीटर लांबीचं स्टील ६० अंशांनी तापलं, तर ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त लांबतं. थंड पाणी पडलं की पुन्हा आखडतं. दगड तेवढा तापतही नाही आणि तापला तरी स्टीलएवढा फुलत नाही. मधे अडकलेलं सिमेंट कडक, त्याला ताणता येत नाही की दबता येत नाही. रोज दोन वेळा असं ओढलं-ढकललं गेल्यावर ते तडकणारच. कोपऱ्यातून पाणी शिरतं, आणि कडप्पा हा तर थरांचा दगड, पाणी मुरलं की त्याचे पापुद्रे सुटतात. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "होय की. म्हणून तर परत परत बोलावतात आम्हाला."

मग उरलं सिलिकॉन, म्हणजे नळीतून काढून फटीत भरायचा आणि घट्ट झाल्यावरही रबरासारखा लवचिक राहणारा लेप. त्यातही एक गोष्ट आहे, आणि ती कडप्पा किंवा संगमरवर असलेल्या प्रत्येक घरानं लक्षात ठेवावी अशी आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. तो वास खरोखर व्हिनेगरमधल्या आम्लाचाच. सिलिकॉन घट्ट होत असताना ते आम्ल बाहेर पडतं. काचेला, टाइल्सला त्याचं काही वाटत नाही. पण कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. कट्ट्यावर लिंबू कापून फोड तशीच ठेवली तर काळ्या दगडावर पांढुरका, खरखरीत डाग उठतो आणि घासून जात नाही. लोणच्याच्या बरणीखालीही तसलाच गोल उठतो. तेच आम्ल सांध्याच्या आत दगडाला लागलं, तर जिथे चिकटायचं तोच पृष्ठभाग भुसभुशीत होतो. म्हणून चुनखडीच्या दगडाला वास न येणारं, 'न्यूट्रल' म्हणून मिळणारं सिलिकॉन घ्यायचं. त्यातही सॅनिटरी लिहिलेलं असेल तर उत्तम, त्यात बुरशी रोखणारं औषध असतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात सिंकच्या कडेला काळी बुरशी धरायला एक आषाढ पुरतो.

काम मे महिन्यात काढलं. पावसात कडप्पा आतून ओला राहतो, आणि ओल्या दगडाला सिलिकॉन धरत नाही. गंमत अशी की घट्ट व्हायला मात्र त्याला हवेतली आर्द्रताच लागते. दगड कोरडा आणि हवा जरा दमट, असा वळवाच्या दिवसांतला बेळगावचा मे त्याला अगदी योग्य.

सिंक काढणं हे बसवण्याहून नाजूक. खाली बादली ठेवून ट्रॅपचं नट सोडलं. कडेचं सिमेंट अण्णांनी बारीक छिन्नीनं, आडव्या हातानं, वीतभर वीतभर करत सोडवलं. पहार घालून उचकटलं असतं तर कड वाकली असती, आणि कड एकदा वाकली की कुठलंही सिलिकॉन तिला सरळ करत नाही. सिंक निघालं तेव्हा दगडाला कापलेलं भोक पहिल्यांदाच दिसलं. ते हातछिन्नीनं कापलेलं होतं. हल्ली मशीननं कापतात तशी सरळ रेघ नाही, कुठे बोटभर आत, कुठे बाहेर. टाक्यांच्या खुणा जशाच्या तशा. भिंतीच्या बाजूच्या कोपऱ्यात पापुद्रे सुटले होते. ते खरवडून, कोपरा दोन दिवस उन्हापंख्यात वाळवून, दगडाच्या इपॉक्सीनं बांधून घेतला.

सिंक परसात नेलं. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. नळाला राकसकोप जलाशयाचं पाणी येतं, पण ते येईल तेव्हा येतं, एरवी विहीरच. त्यामुळं कडेखाली चुन्याचा पांढरा थर जमला होता. चिंचेचा कोळ लावून, फडकं गुंडाळून ठेवल्यावर तो थर मऊ होऊन निघाला. हे कट्ट्यावर करता आलं नसतं, कारण चुन्याचा थर खाणारं आम्ल कडप्प्यालाही खातं. मग सिंक उपडं करून सपाट फरशीवर ठेवलं आणि कडेखालून उजेड कुठे दिसतो ते पाहिलं. एका बाजूला दिसला. लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकून ती बाजू बसवली. जाळीखालचं रबर दगडासारखं कडक झालं होतं, ते नवं घातलं. रबर काही रुपयांचं असतं, पण ते बदलायचं म्हणून कुणी आपणहून सिंक उचलत नाही. म्हणून सिंक हातात आहे तेव्हाच बदलावं. जुन्या विटांच्या आधाराऐवजी उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून स्टीलच्या दोन पट्ट्या बोल्टसकट करून आणल्या. फाउंड्री आणि मशीनशॉपच्या त्या वस्तीत कागदावर माप काढून दिलं की अशी वस्तू मिळते, हे आपल्या गावाचं मोठं सुख आहे.

बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं, तयारी मात्र सकाळभर. जुन्या सिलिकॉनचा किंवा तेलाचा लवलेश राहिला तर नवं धरत नाही. दगड आणि कड साबणानं, मग कोरड्या फडक्यानं, मग स्पिरिटनं पुसली. कडेच्या बाहेर दगडावर मास्किंग टेप लावली. भोकाच्या काठाभोवती सिलिकॉनची जाडसर वात, एका दमात, कुठेही न तोडता. जिथे वात तुटते तिथेच पुढे पाणी शिरतं. दोघांनी सिंक वरून सरळ खाली ठेवलं, कारण सरकवलं तर वात पुसली जाते. चारी बाजूंनी सिलिकॉन जरा बाहेर आलं. अण्णा बोल्ट करकचून आवळायला निघाले, त्यांना थांबवलं. फार आवळलं तर मधलं सगळं सिलिकॉन बाहेर येतं आणि पत्रा थेट दगडावर टेकतो. मग ताण सोसायला मधे काही उरत नाही. दोन मिलिमीटरचा थर आत राहिला पाहिजे. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले, आणि उरलेला दाब द्यायला सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरून त्यावर घरातला पाटा ठेवला. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून कड सारखी केली, वर साय धरायच्या आत टेप काढली.

आणि मग थांबायचं. सिलिकॉन बाहेरून आत घट्ट होत जातं, चोवीस तासांत साधारण दोन-तीन मिलिमीटर. वरून बोटाला कोरडं लागतं तेव्हा आत ते ओलंच असतं. म्हणून पूर्ण एक दिवस, जमलं तर दोन, त्या बाजूला पाण्याचा थेंब नको.

दोन दिवस भांडी परसात, विहिरीच्या दगडावर गेली. मावशींचे गुडघे दुखतात. मी पाट दिला, नंतर स्टूल दिलं, पण खाली ठेवलेल्या टबापर्यंत वाकणं काही चुकत नव्हतं. मीही बसले त्यांच्याबरोबर. पहिल्या दहा मिनिटांत पायाला मुंग्या आल्या, कंबरेत कळ आली, आणि पन्नास वर्षांपूर्वी या घरातली एक बाई रोज तासन्‌तास अशीच बसत होती हे मला पहिल्यांदा शरीरानं कळलं. तोवर ती फक्त ऐकलेली हकिगत होती. सासूबाई सिंक विसळून झालं की कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायच्या. रोज रात्री, न चुकता. मला नवी सून म्हणून ते जरा जास्तच वाटायचं. त्या सिंकची काळजी घेत होत्या की त्या उभं राहण्याची, हे त्यांना विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा वर्तमानपत्रं पसरली. सिंक भरलं, सोडलं. कडेनं पाणी फिरवलं, नळाच्या कोपऱ्यात मुद्दाम दोन तांबे ओतले, आणि शेवटी बटाट्याचं कढत पाणी ओतून वर लगेच थंड पाणी सोडलं. मावशी कट्ट्याखाली बॅटरी धरून बसल्या होत्या. एकही डाग उठला नाही. "धरलं बघा," म्हणाल्या, आणि मग त्यांनीच कट्टा पुसला, नेहमीसारखा, भरपूर पाणी घेऊन.

सिलिकॉन आठ-दहा वर्षं टिकतं असं दुकानात सांगतात, पण जड पाणी आणि रोजचं घासणं बघता मी दर वर्षी मृगाच्या आधी कड बोटानं दाबून पाहणार आहे. कुठे सुटल्यासारखं वाटलं तर तेवढाच तुकडा कटरनं पूर्ण कापून काढायचा आणि नवा भरायचा; जुन्या सिलिकॉनवर नवं चोपडून काही होत नाही, ते एकमेकांना धरत नाहीत.

नळी साधारण २८० मिलीची होती, तिच्यात जवळजवळ निम्मं उरलं आहे. मावशींच्या खासबागेतल्या घरी मोझॅकचं सिंक आहे, तेही मागच्या बाजूनं झिरपतं. तिथे कट्टा सिमेंटचा, त्याची कड भुरभुरते, त्यामुळं आधी ती खरवडून प्रायमर लावावा लागेल, आणि मोझॅक स्टीलसारखं तापून लांबत नाही म्हणून वात बारीक चालेल. नळी एकदा फोडली की तोंडाशी घट्ट होत जाते. तोंडात स्क्रू पिळून ठेवला आहे, पण तो काही आठवड्यांपलीकडे राखत नाही. अण्णांनी येत्या रविवारी सकाळी येतो म्हणून सांगितलं आहे. कुठून गळतं ते त्यांना मावशीच दाखवतील, वर्तमानपत्रं मी घेऊन जाते आहे.